दांडीवरची सीट

लेकीसाठी आणलेली छोटी सीट मी बाबांच्या नव्या सायकलच्या दांडीला धरून पाहिली. बाबा हसले. “राहू दे. कार्बनच्या दांडीला क्लॅम्प आवळला, की ती तडकते. जुन्या स्टीलच्या सायकलवर तू शाळेत जाईपर्यंत बसलीस, तिला कधी काही झालं नाही.” ती जुनी मीच बदलायला लावली होती. तिच्या गिअरची खटकी खालच्या दांडीवर होती; गिअर टाकायला बाबा चालत्या सायकलवर एक हात सोडून खाली वाकायचे आणि माझा जीव टांगणीला लागायचा. ही नवी कशी हलकी, ब्रेकला बोट टेकताच थांबणारी! “नातीला फिरवायचं होतं, तर तेव्हा बोलला का नाहीत?” “तू पोटुशी, त्यात काळजीनं अर्धी झालेली. म्हटलं, सायकलच ती, जाऊ दे.” लेक दांडीकडे बोट दाखवून “आबा, भुर्र” करत होती. बाबांनी तिला कडेवर घेतलं आणि तोंडानंच घंटी वाजवत ते अंगणात पायी फेऱ्या मारू लागले.