वाजणारं ब्रेसलेट

"आवाज पार बंद करून टाकलाय, सिस्टर." सोनाराने ब्रेसलेट तिच्यापुढे ठेवलं. "हलवून बघा. हूं की चूं नाही."

तिने हलवलं. खरंच, हूं की चूं नाही. एरवी एकमेकांवर आपटून कलकलाट करणारे चांदीचे सात चिमुकले लोलक आता शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे होते. सोनाराने प्रत्येकाची कडी झाळून पक्की केली होती. तिने रोज घालायचं म्हणून नुसतं उजळायला दिलं होतं. कडी पक्की करायला कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःच्याच हौसेने केली होती. रोज वापरायचं म्हणजे आवाज नकोच, असं त्याने धरून चाललं. कामावर जाणाऱ्या बायका त्याच्याकडे हेच तर मागतात.

"अहो, मला वाजायलाच हवंय," ती म्हणाली. बोलताबोलता तिथल्याच स्टुलावर बसली. हल्ली जिथे टेकता येईल तिथे ती टेकायची.

सोनार बघतच राहिला. साठीला आलेली बाई, हातात कधी साधी बांगडीही दिसली नव्हती, आणि आता तिला छुमछुम हवी! पण सिस्टरांनी त्याच्या आईचं दुखणं काढलं होतं. त्याने ब्रेसलेट परत हातात घेतलं.

ब्रेसलेट नवऱ्याने आणलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात. नोकरीच्या पहिल्या सकाळी ते घालून ती वॉर्डमध्ये गेली आणि मेट्रनने दारातच अडवलं. "पेशंट झोपलेत. आपल्याला बैल हाकायचे नाहीत." ते इंजेक्शनच्या रिकाम्या खोक्यात कापसात गेलं, ते चौतीस वर्षं तिथेच. तेवढ्या काळात ती मांजरीच्या पावलांनी चालायला शिकली. दार न वाजवता लोटायचं, ट्रे न खणखणता ठेवायचा. तिच्या हाताखालच्या मुली म्हणायच्या, सिस्टर येतात ते कळत नाही, आल्यावरच कळतं. ते कौतुक होतं.

आता तेच अंगाशी आलं होतं. सहा महिन्यांपूर्वी काचबिंदूने नवऱ्याची उरलीसुरली नजर गेली. जन्मभर नकाशे काढलेला माणूस, घरातल्या घरात हरवला. नजर गेल्यापेक्षाही त्याला भीती खात होती. खोलीत कुणी आहे की नाही, तेच कळायचं नाही. दर पाच मिनिटांनी हाक, "आहेस का?" उत्तराला उशीर झाला की दुसरी, मग तिसरी, प्रत्येक वेळी वरच्या पट्टीत. ती न्हाणीघरात असली तरी. आणि ती जवळ गेली की दचकायचा. मागच्या आठवड्यात तिने खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या हातचा गरम चहा तिच्या पायावर सांडला.

"चोरासारखी येत जाऊ नकोस!" तो ओरडला होता.

पाय पोळल्यापेक्षा तिला ते लागलं. मग तिने खाकरून बघितलं, पाय आपटून बघितलं, "आले हं" म्हणत चालून बघितलं. दिवसभर जमायचं नाही. जित्याची खोड, दोन फेऱ्या झाल्या की पाऊल आपोआप हलकं पडायचं. रात्रपाळ्या करूनही ती कधी एवढी थकली नव्हती. शेवटी कपाटातलं खोकं काढलं.

सोनाराने कड्या पुन्हा मोकळ्या केल्या. तिने दुकानातच हात हलवून ऐकलं. "अजून थोडं," म्हणाली. त्याने कड्या आणखी सैल केल्या.

घरात पाऊल टाकताच आतून आवाज आला, "काय वाजतंय?"

तिने मनगट त्याच्या हातात दिलं. त्याने एकेक लोलक चाचपला.

"हे अजून आहे होय तुझ्याकडे?" तो म्हणाला, आणि बराच वेळ त्याने मनगट सोडलं नाही.

ब्रेसलेट कामाला लागलं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, केर काढताना वाजत राहिलं. "आहेस का?" हळूहळू विरळ झालं. दचकणं थांबलं. शेजारीण हसून म्हणाली, "या वयात हौस फिटली म्हणायची!" हीसुद्धा हसली. खुलासा करायचं त्राण नव्हतं.

दहाव्या दिवशी दुपारी ती औषध घेऊन निघाली आणि त्याच्या दाराशी थांबली. चौकटीला डोकं टेकलं. डोळे मिटले.

"आलीस ना दाराशी?" तो आतून म्हणाला.

"हो."

"रोज थांबतेस. आवाज दारापर्यंत येतो आणि बंद होतो. मग पुष्कळ वेळाने आत येतेस."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा महिने ती अशीच थांबत होती. आत जायचं बळ गोळा करत होती. ज्या माणसावर जीव टाकला, त्याच्याच खोलीत पाऊल टाकायला बळ गोळा करावं लागत होतं, हे त्याला कळू नये एवढंच तिला वाटायचं. आणि आपणच हातात घालून ती चुगली घरात आणली होती.

ती आत गेली. औषधाची वाटी त्याच्या हातात दिली. आता तो काय बोलेल याची वाट बघत उभी राहिली.

त्याने औषध घेतलं. वाटी चाचपत स्वतःच बाजूच्या टेबलावर ठेवली.

"जा, जरा पड," तो म्हणाला. "आवाज आला नाही, तर समजेन, झोप लागली."