चुनखडी

पुनमनं पातेल्यातली माती ढवळली. खडे तळाला बसले, पिवळं पाणी वर राहिलं. ते फडक्यातून गाळायचं, निवळू द्यायचं, खाली बसलेला गाळ वाळवून तव्यावर भाजायचा. तापला की पिवळ्याचा लाल होतो. तिच्या या रंगाला लातूरच्या दुकानातून पहिलीच मागणी आली होती.

सासू, शरणम्मा, उंबऱ्यात बसून तिच्या हातांकडं बघत होती. सासरे होते तोवर पुनमच्या डोक्यावरची ओढणी कधी ढळली नव्हती. आता ती कमरेला खोचलेली होती.

"माती कुठली गं?"

"ओढ्यातली, आत्या."

"ओढा तर काळाभोर हाय."

"खोल गेलं की पिवळी लागते."

"हाव का?"

शरणम्माला आपलं रान ठाऊक होतं. शेतात विहीर खोदली तेव्हा पांढरा मुरूम निघाला होता. पिवळी माती तिनं एकदाच पाहिली होती. मागच्या साली, बांधाच्या कोपऱ्यात नवऱ्यासाठी खड्डा घेतला तेव्हा. त्यांना मांडी घालून आत बसवलं. अंत्यविधी करणाऱ्या जंगमानं भोवती विभूतीचे पांढरे गोळे रचले. मग सगळ्यांनी पिवळी माती लोटली.

पुनमनं तळाचे खडे ताटात काढले. सगळे करडे, तांबूस. त्यात एक पांढरा, बोराएवढा.

शरणम्मा उठून जवळ आली. "ह्ये काय?"

"चुनखडी," पुनम लगेच म्हणाली. "आपल्या रानात कुठंबी सापडते. थांबा, दाखवते."

तिनं खड्यावर लिंबू पिळलं. बारीक फेस उठला. "बघा. चुनखडीच."

शरणम्मा आत गेली. देव्हाऱ्यातली चिमूटभर विभूती तिनं आणून ताटाच्या कडेला ठेवली आणि उरलेलं लिंबू त्यावर पिळलं.

तिथंही फेस उठला.

"आत्या, त्यातबी चुनाच असतो," पुनम म्हणाली. "यावरून काय कळत न्हाई."

"न्हाई ना कळत? मग ऱ्हाऊ दे." शरणम्मानं तो खडा उचलून सुनेच्या तळहातावर ठेवला. "चुनखडी हाय म्हणतीस ना? टाक जा उकिरड्यावर."

"टाकते की. त्यात काय."

पुनम अंगणाच्या कडेपर्यंत गेली. फेकायला हात मागं नेला. तो तसाच राहिला.

मग दुसऱ्या हातानं तिनं कमरेची ओढणी सोडवली आणि डोक्यावर घेतली.