काटेरी झाड

आमच्या ह्यांनी बेंगलोरहून बोटभर निवडुंग आणला, तेव्हाच सासूबाईंनी बजावलं, “माधवा, काटेरी झाड घरात ठेवू नये. भांडणं लागत्यात.”

ह्यांनी हसून तो खिडकीत ठेवला. चार वर्षं दर रविवारी मोजून दोन चमचे पाणी घातलं. मला ताप आला, तेव्हा औषधाचा चमचा त्या कुंडीत सापडला.

अखेर एका शनिवारी कळी फुगली. लगेच ह्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजातले तीन मास्तर बोलावले, स्टुडिओवाल्याला सांगितलं आणि मला पोहे भिजवायला लावले. रविवारी स्टुडिओवाला कॅमेऱ्यात रोल भरून आला, सगळे खिडकीशी जमले, तर निवडुंग बोडका! सासूबाईंनी पहाटेच फूल खुडून देव्हाऱ्यात अंबाबाईच्या तसबिरीला खोचलं होतं, वर हळदीकुंकूही वाहिलं होतं.

ह्यांनी असा काही आवाज चढवला, की गल्लीतली माणसं दारात आली.

 

सासूबाईंनी शांतपणे तसबिरीला हात जोडले. “बघितलंस न्हवं आई? लागलं की भांडण!”