आधी मान, मग मागणी

पाचवी शाल चालू होती तेव्हा शैलाने मोबाइलवर वेळ पाहिली. विधिमंडळाच्या समितीने त्यांच्या इमारतीला दिलेल्या वीस मिनिटांतली अकरा संपली होती, आणि समितीतली माणसं होती नऊ.

हडपसरच्या या पुनर्वसनाच्या इमारतीत लोकांना मिळालेल्या घरांचं पुढे काय झालं, हे बघायला समिती आली होती. बघण्यासारखी गोष्ट एकच होती. लिफ्ट. चौदा महिने बंद. हे खातं त्या खात्याकडे बोट दाखवी, ते तिसऱ्याकडे. शैलाची सासू तुळजाबाई सातव्या मजल्यावर अडकून पडली होती. तीन महिन्यांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झाल्यावर चौघांनी तिला चादरीच्या झोळीतून वर नेलं, ते शेवटचं. या महिन्यात तपासायला आणलं नाही तर चालायचं विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

शैलाने हे सगळं एका पानावर लिहून आणलं होतं. वाचायला दोन मिनिटं पुरली असती. त्यासाठी तिने कँटीनच्या कामावर खाडा केला होता.

"काका, आधी मला बोलू द्या," असं तिने सकाळीच सोसायटीच्या सचिवांना, दशरथकाकांना, सांगून पाहिलं होतं.

"आधी मान, मग मागणी," काका म्हणाले होते. "वस्तीतली माणसं, यांना रीतभात नाही, हे जन्मभर ऐकलंय मी. आज एक चूक दिसता कामा नये."

ते ऐकणं तिच्याही वाट्याला आलं होतंच. म्हणून तर स्वागताचा फ्लेक्स बांधायला तीच स्टुलावर चढली. तळमजल्यावर मोठी, सपाट जागा एकच, लिफ्टच्या दाराची. तिथे 'सहर्ष स्वागत' असं ताणून बांधलं की एक सुरकुती नाही. काका लांब उभं राहून बघत म्हणाले, झकास. तीही म्हणाली, झकास. आणि आता नऊच्या नऊ साहेब त्याच फ्लेक्सखाली बसलेले बघून तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

सहावी शाल झाली. काका कागदावरून प्रत्येकाचं पूर्ण नाव, मतदारसंघ आणि आजवरची सगळी पदं वाचत होते. मग शाल, गुलाबाचं फूल, संविधानाच्या उद्देशिकेची तसबीर, आणि फोटो. फोटोत कोणाचे डोळे मिटले, तर पुन्हा फोटो.

"काका, चार मिनिटं राहिली," शैला मागून कुजबुजली.

"तीनच शाली राहिल्यात."

सातव्या साहेबांना काकांनी विधानसभेचे म्हटलं, ते निघाले विधान परिषदेचे. झालं! काकांनी जाहीर माफी मागितली आणि त्यांचा सत्कार पहिल्यापासून केला. नवव्याच्या वेळी तर शालच नाही. मोजताना कोणीतरी घोळ घातला होता. काकांचा चेहरा पडला. पण समितीच्या अध्यक्षांचे पीए असल्या कामात मुरलेले. त्यांनी अध्यक्षांची शाल झटकन घडी करून मागच्या मागे काकांच्या हातात दिली. तीच शाल नवव्या खांद्यावर गेली. टाळ्या झाल्या.

मग अध्यक्ष उठले. "आम्ही महाराष्ट्रभर फिरतो. लोक आमच्यावर ओरडतात, कागद भिरकावतात. इतका शिस्तीचा कार्यक्रम मी प्रथमच पाहतोय," ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. शैलाला त्याचाच जास्त संताप आला.

काकांनी विजयी मुद्रेने माइक हातात घेतला. "आता रहिवाशांच्या वतीने आमच्या शैलाताई दोन शब्द..."

"आभार मानले असं समजू या," घड्याळाकडे बघत एक अधिकारी म्हणाले. समितीचं जेवण खडकवासल्याला होतं आणि तिथे पोहोचायला तासभर तरी लागणार होता. खुर्च्या सरकल्या. काका माइक धरून तसेच उभे राहिले.

शैला धावली. चपला, गर्दी, फुलांचा खच, कशाचंच भान न ठेवता तिने अध्यक्षांची गाडी गाठली आणि उघड्या काचेपाशी कागद धरला. "साहेब, दोनच मिनिटं..."

"नको नको, ताई. आता आणखी काही नको. फार मान दिलात," अध्यक्षांनी हात जोडले.

"मान नाही हो साहेब! लिफ्ट..."

पण अध्यक्ष वर बघत होते. सातव्या मजल्याच्या खिडकीत तुळजाबाई होती. सकाळीच सुनेकडून धुतलेलं लुगडं नेसवून घेऊन ती खुर्चीत बसली होती, कारण साहेब वर येतील असं तिला सांगितलं होतं. आता ती खिडकीच्या गजांतून आख्खा हात बाहेर काढून बोलावत होती. वर या, वर या. तोंडही हलत होतं, पण तिथून आवाज कसला पोहोचतोय.

"बघा, आजी आपल्याला निरोप द्यायला खिडकीत आल्यात," अध्यक्ष शेजारच्या अधिकाऱ्याला म्हणाले. "इतकी समाधानी माणसं कुठे बघायला मिळतात हो? अहवालात लिहून घ्या."

आणि त्यांनीही काचेतून हात बाहेर काढला. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत ते तुळजाबाईकडे बघून हात हलवत राहिले.