गोठलेलं मैदान

“ही मॅच इथंच थांबव,” डॉक्टर शशिधर पाटणकर आपल्या मुलाला म्हणाले.

हाफटाइम झाला होता. ब्रिस्टलच्या कडेला असलेल्या त्या मैदानावर क्लबच्या लोकांनी फावड्यांनी रेषांपुरता बर्फ बाजूला केला होता. बाकी सगळं पांढरं. वरचा थर मऊ दिसत होता, पण खालची माती जानेवारीच्या गारठ्यानं सिमेंटसारखी झाली होती. शशिधरांनी सकाळीच टाच आपटून बघितली होती आणि कमिटीला बजावलं होतं, आज इथं रग्बी खेळू नका. पण समोरची टीम वेल्सहून बसनं निघालेली होती. “डॉक, तुम्ही फार काळजी करता,” चेअरमन हसत म्हणाला होता. ते हसणं अजून त्यांच्या डोक्यात होतं.

उदय कॅप्टन होता. सव्वीस वर्षांचा, विमानांच्या कारखान्यात इंजिनियर. ओठ निळे पडलेले. हातातली संत्र्याची फोड बधिर बोटांतून दोनदा निसटली होती.

“रेफ्री थांबवत नाही, मग मी का थांबवू?” तो इंग्रजीत म्हणाला.

“कारण तुझा बाप डॉक्टर आहे आणि तो सांगतोय.”

उदयनं फोड बर्फात फेकून दिली. “तुम्हाला वेळेवर काय कळलंय आजवर?”

शेजारचे खेळाडू दुसरीकडे बघायला लागले. शशिधरांची कानशिलं तापली. हे वाक्य त्यांनी याच मुलाच्या तोंडून आधी एकदा ऐकलं होतं. त्यानंतर उदय घर सोडून वेगळा राहायला गेला. फोनवर हो किंवा नाही, तेही इंग्रजीत. शनिवारी क्लबचा डॉक्टर म्हणून मैदानाच्या कडेला, टचलाइनवर उभं राहिलं की निदान तो दिसायचा. त्यासाठीच शशिधरांनी हे काम मागून घेतलं होतं. आज त्यांना त्या कामाचाही राग आला. बॅग उचलावी आणि सरळ घरी जावं. मर तिकडे, असंही एकदा मनात येऊन गेलं.

ते गेले नाहीत. कोटाची कॉलर वर करून तिथंच उभे राहिले.

दुसरा हाफ सुरू झाला आणि पुन्हा बर्फ पडायला लागला. बॉल साबणासारखा हातातून सुटत होता. वेल्सवाल्यांनी तो उंच मारला. उदय मागे मागे जात त्याच्याखाली आला, त्यानं बॉल छातीशी धरला आणि त्याच क्षणी दोघेजण त्याच्यावर आदळले. तो पाठीवर पडला. डोकं जमिनीवर आपटल्याचा आवाज टचलाइनपर्यंत आला.

शिट्टीची वाट न बघता शशिधर धावले. मध्ये घसरून गुडघ्यांवर पडले, उठले, पुन्हा धावले. ते पोहोचले तोवर उदय उभा होता. रेफ्रीनं त्याच्यासमोर तीन बोटं धरली होती.

“तीन,” उदय म्हणाला.

“ठीक आहे तो,” रेफ्री म्हणाला.

“ठीक नाहीये. डोकं आपटलंय त्याचं. बाहेर काढा त्याला.”

“तो खेळतो म्हणतोय, डॉक. आणि कॅप्टन तोच आहे.”

शशिधरांनी मुलाची जर्सी धरली. उदयनं हिसडा देऊन ती सोडवली. खेळा लवकर, इथं गोठतोय आम्ही, असं कुणीतरी मागून ओरडलं. मग मात्र शशिधरांचा तोल गेला. तीस वर्षांत या देशात त्यांनी कुणावर आवाज चढवला नव्हता. आता ते रेफ्रीला बोलले, चेअरमनला बोलले, वेल्सच्या त्या दोघांनाही सोडलं नाही. शेवटी उदयकडे वळून ते मराठीत ओरडले, “मूर्खा, मरायचंय का तुला?”

उदय त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू ओसरला. मग त्यानं त्यांच्या खांद्यावरून पलीकडे टचलाइनवर नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“बाबा,” तो म्हणाला, “आई कुठे उभा आहे? दिसत नाही.”

तेच त्याचं मोडकं मराठी, नेहमीसारखं चुकलेलं. गेली दोन वर्षं ते शशिधरांच्या कानावर पडलं नव्हतं. रेफ्रीला त्यातलं अक्षर कळलं नाही. त्यानं घड्याळात बघितलं.

शशिधरांना आणखी खूप बोलायचं होतं. ते सगळं त्यांनी सोडून दिलं. त्यांनी आवाज खाली आणला.

“गाडीत बसलीय ती. गारठलीय. तुझी वाट बघतेय, चल.”

उदयनं लगेच बॉल रेफ्रीच्या हातात दिला आणि निघाला. त्याचे पाय वाकडे पडत होते. शशिधरांनी त्याच्या कमरेला हात घातला. मागून त्याचे सोबती हाका मारत होते, कॅप्टन, कुठे चाललास. त्यानं वळून पाहिलं नाही.

“चिडलीय का?” त्यानं विचारलं.

“नाही. हॉस्पिटलात जाऊन डोक्याचा फोटो काढून घेऊ, मग बोल तिच्याशी.”

“बरं,” उदय म्हणाला.

गाडीत कुणी नव्हतं. प्रमोदिनीच्या पोटातली गाठ घरातल्या डॉक्टरला फार उशिरा कळली होती, आणि तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.