मुका जीव

नवऱ्याला सगळे कौतुकानं ‘मातीचा डॉक्टर’ म्हणत. त्याच्या दीड एकरात फवारणी नाही, तणनाशक नाही, आणि यंत्राचं तर नावही काढायचं नाही. आता तण काही कौतुकानं मरत नाही, म्हणून ते हातानं उपटायचं काम बायकोकडे.

“अहो, ढकलायचं एक कोळपं तरी आणा. कंबरेचा पार भुगा झालाय,” ती दरवर्षी म्हणायची.

“अगं, कोळप्यानं गांडुळं तुटतात. मुका जीव तो, बोलून तरी दाखवतो का?” डॉक्टर कळवळायचे.

आज मासिकवाले शेत बघायला आले. “बाहेरून काडीसुद्धा आणत नाही. सगळं घरचंच!” डॉक्टर छाती काढून सांगत होते. वीस वर्षांत पहिल्यांदाच छापून येणार, तर त्या फोटोत आपणही असावं, असं तिला फार वाटलं. तिनं हातची माती झटकली, केस सारखे केले आणि ती नवऱ्याच्या शेजारी येऊन थांबली.

फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि तो हसला. “वहिनी, गवत नंतर उपटा हो. फोटोपुरत्या तरी उभ्या राहा!”



“उभीच आहे, भाऊजी.”