मुळीचा गुण

कमळूची मूळव्याधीवरची मुळी शहापूर-मुरबाडात सगळ्यांना ठाऊक होती. दर रविवारी सकाळी तो ती उगाळून ताकातून द्यायचा. वडिलांनी घालून दिलेला नियम एकच होता. दारी आलेल्याला नाही म्हणायचं नाही, नाहीतर मुळीचा गुण जातो.

बायकोला, भागीला, शौचावाटे रक्त पडायला लागलं तेव्हा त्याने तिलाही तीच मुळी दिली. भाताच्या लावणीपासून झोडणीपर्यंत ती घेत राहिली आणि वाळत गेली. परवा शहापूरच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि कमळूला एकट्याला आत बोलावलं.

"ही मूळव्याध नाही, आतड्याचा कॅन्सर आहे. पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हाच आणायचं होतं."

भागीला त्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

आज रविवार. वाशिंदहून एक माणूस मुळी मागायला आला.

"नाय देत," कमळू म्हणाला. "रक्त पडतंय ना तुला? आधी डॉक्टरला दाखव. सगळं रक्त मूळव्याधीचं नसतं."

आतून भागीचा बारीक आवाज आला.

"अवो, त्याला नाय नका म्हणू. मुळीचा गुण जाईल. मला अजून घ्यायची हाय."